जनुक गप्प होते, गाठ होत नाही

ऑगस्ट २०१८मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पॅटिसिरान या औषधाला परवानगी दिली. जनुकाकडून निघालेला संदेश वाटेतच गाठून तो कापून टाकणारे, एसआय-आरएनए या वर्गातले हे पहिले औषध. त्यानंतर या वर्गात भर पडतच गेली. २०१९मध्ये गिवोसिरान आले, २०२०मध्ये लुमासिरान, त्याच वर्षअखेरीस युरोपात आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत इन्क्लिसिरान, मग वुट्रिसिरान, नेडोसिरान आणि २०२५मध्ये फिटुसिरान. आजारही किती तऱ्हेचे: नसांत आणि हृदयात साचणारे विकृत प्रथिन, पॉर्फिरिया, लहान वयात मुतखडे घडवणारा आनुवंशिक विकार, वाढलेले कोलेस्टेरॉल, हिमोफिलिया. या यादीत कॅन्सर मात्र कुठेही नाही.

हे चमत्कारिक आहे, कारण हे तंत्र हाती आले तेव्हा सगळ्यांच्या तोंडी पहिले नाव कॅन्सरचेच होते. आजही ‘कॅन्सरचे जनुक बंद करण्यात यश’ अशी बातमी अधूनमधून छापून येते. ती खोटी नसते. बहुतेक वेळा काचेच्या बशीतल्या पेशींची किंवा उंदरांची असते, एवढेच. मग वीस-पंचवीस वर्षांत माणसाच्या गाठीपर्यंत हे यश का पोचले नाही? माझ्या मते जनुक गप्प कसे करायचे हा प्रश्न केव्हाच सुटला आहे. अडलेले आहे ते औषध पोचवण्याच्या पत्त्यावर आणि उरलेल्या पेशींच्या गणितावर. शिवाय एक कारण असे आहे की ज्याची चर्चाच होत नाही, आणि ते नेमके आपल्याकडच्या कॅन्सरला लागू पडते.

कॅन्सर म्हणजे पेशीच्या जनुकांतल्या बिघाडांचा साठा, हे आता नव्याने सांगायला नको. त्या ज्ञानातून औषध कसे निघते याचे सगळ्यात सुबक उदाहरण सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरचे. १९६०मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदलून घेतल्यामुळे ते तसे झालेले असते. त्या सांध्यावर एक जोडजनुक तयार होते आणि त्याचे प्रथिन पेशीला ‘वाढत राहा’ असे अखंड सांगत राहते. त्या प्रथिनाच्या खाचेत नेमके बसणारे इमॅटिनिब २००१मध्ये बाजारात आले. रोज एक गोळी घेऊन रुग्ण वर्षानुवर्षे आपापल्या कामाला लागले.

मात्र खाच असली तरच हे जमते. मिक हे प्रथिन अनेक कॅन्सरांत सापडते. त्याला धड आकारच नाही. केरॅस हे प्रथिन जवळजवळ गुळगुळीत. रॅस जनुकांचा मानवी गाठींशी असलेला संबंध १९८२पासून माहीत होता, तरी पुढची तीस वर्षे औषध बनवणाऱ्यांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. अशा वेळी कुणी म्हणाले की प्रथिनाच्या वाटेला न जाता ते बनवण्याचा संदेशच कापून टाकू, तर ते ऐकून माणूस हरखून जाणारच. संदेशक आरएनएला आकार नसला तरी चालते, अक्षरांचा क्रम माहीत असला की पुरे. क्रम तर मानवी जनुकसंचाच्या वाचनानंतर सगळ्यांच्याच हाती होता.

कल्पना त्याहूनही जुनी. १९७८मध्ये पॉल झामेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी १३ अक्षरांचा डीएनएचा एक तुकडा बनवला. एका विषाणूच्या आरएनएला तो उलट बाजूने चिकटत असे आणि पेशींत त्या विषाणूची वाढ रोखत असे. हा विषाणू रूस सार्कोमाचा, म्हणजे कोंबड्यांना कॅन्सर देणारा. या शास्त्राचा पहिला प्रयोगच कॅन्सरशी जोडलेला होता. यालाच पुढे अँटिसेन्स म्हणू लागले. दुसरा धागा फुलांतून आला. १९९०मध्ये कॅलिफोर्नियात रिचर्ड जॉर्गनसेन यांनी पेटुनियाचा जांभळा रंग गडद व्हावा म्हणून रंगाच्या जनुकाची आणखी एक प्रत झाडात घातली, तर फुले पांढरी आली. घातलेले जनुक गप्प होते आणि मूळचेही. १९९८मध्ये अँड्रयू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका चिमुकल्या सूत्रकृमीत याचा उलगडा केला: दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत गेला की त्याच्याशी जुळणारा संदेश नष्ट होतो, आणि त्यासाठी मोजके रेणू पुरतात. आठच वर्षांत त्यांना नोबेल मिळाले.

माणसाच्या पेशींत मात्र लांब दुहेरी आरएनए घातला तर विषाणू आला असे समजून पेशी आरडाओरडा करतात. २००१मध्ये जर्मनीत थॉमस टुशल यांच्या गटाने दाखवले की तुकडे २१ अक्षरांच्या आसपास ठेवले तर हा गोंधळ टळतो आणि संदेश तेवढा कापला जातो. पेशीत आर्गोनॉट नावाचे प्रथिन असते. त्या तुकड्याचा एक धागा ते आपल्याजवळ ठेवते, त्याच्याशी जुळणारा संदेश सापडला की कापते आणि पुढचा शोधू लागते. एकच तुकडा असे अनेक संदेश संपवतो. यंत्रणा पेशीची, आपण तिला फक्त काय शोधायचे ते सांगायचे.

कॅन्सरवरचा पहिला मोठा प्रयत्न अँटिसेन्सचा होता आणि तो फसला. पेशीने वेळ आली की आत्मनाश करावा, हे बीसीएल-२ हे प्रथिन होऊ देत नाही. त्याचा संदेश अडवायला १८ अक्षरांचे ऑब्लिमरसेन बनवले गेले आणि मेलॅनोमाच्या ७७१ रुग्णांवर, नेहमीच्या किमोच्या जोडीने, त्याची चाचणी झाली. काही जणांच्या गाठी लहान झाल्या, पण आयुर्मानातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. मे २००४मध्ये तज्ज्ञ समितीने नकार दिला आणि कंपनीने अर्ज मागे घेतला. त्यानंतर फुप्फुसाच्या कॅन्सरवरचे अ‍ॅप्रिनोकार्सेन आणि प्रोस्टेटवरचे कस्टिरसेन हीसुद्धा शेवटच्या टप्प्यावर पडली.

ऑब्लिमरसेनच्या अक्षरमालेत सी आणि जी ही अक्षरे दोन ठिकाणी अशी लागून आली होती, की प्रतिकारशक्तीला तो जिवाणूचा डीएनए वाटावा. त्यामुळे जो काही परिणाम दिसला तो बीसीएल-२ गप्प झाल्याचा, की चाळवलेल्या प्रतिकारशक्तीचा, हा प्रश्न लोंबकळतच राहिला. हा संशय उगाच नव्हता. डोळ्याच्या पडद्यावर फाजील रक्तवाहिन्या वाढू नयेत म्हणून त्या वाढीचे जनुक अडवणारा एसआय-आरएनए तेव्हा माणसांवर तपासला जात होता. २००८मध्ये जयकृष्ण अंबाती यांच्या गटाने उंदरांत दाखवले की २१ अक्षरांचा कोणताही तुकडा, अगदी असंबद्ध अक्षरांचासुद्धा, तेवढाच परिणाम करतो. पेशीच्या पृष्ठभागावरचा एक पहारेकरी ग्रहणबिंदू जागा होत होता, इतकेच. औषधाने काम केले म्हणजे ते आपण सांगतो त्याच कारणाने केले असे होत नाही, हा धडा या क्षेत्राला महागात शिकावा लागला.

पैसा आधी आला तसा गेलाही. २००६मध्ये मर्क कंपनीने सर्ना ही छोटी कंपनी सुमारे १.१ अब्ज डॉलरला घेतली. २०१०मध्ये रोश कंपनीने या क्षेत्रातून अंग काढून घेतले. २०१४मध्ये मर्कने तीच सर्ना अल्नायलम या कंपनीला साडेसतरा कोटी डॉलरला विकली. पुढे पॅटिसिरान आणले ते याच अल्नायलमने.

या पडत्या काळातच एक प्रयोग असा झाला की त्याचे मोल अजून कमी झालेले नाही. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत मार्क डेव्हिस यांनी साखरेच्या कड्यांपासून बनवलेल्या बहुवारिकात एसआय-आरएनए गुंडाळला आणि वरून ट्रान्सफेरिन हे लोह वाहणारे प्रथिन लावले, कारण भराभर वाढणाऱ्या पेशी लोहासाठी हपापलेल्या असतात. लक्ष्य होते डीएनएचे सुटे भाग बनवणारे आरआरएम-२ हे जनुक. मेलॅनोमाच्या रुग्णांना शिरेतून औषध दिले आणि नंतर गाठीची बायोप्सी केली. गाठीत कण सापडले, जास्त मात्रा तिथे जास्त सापडले, आणि एका रुग्णाच्या नमुन्यात संदेशक आरएनए भाकीत केलेल्या नेमक्या अक्षरापाशी कापलेला मिळाला. २०१०मध्ये ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झाले. माणसाच्या गाठीत हे तंत्र चालते याचा तो पहिला थेट पुरावा. औषध म्हणून मात्र ते टिकले नाही. २४ रुग्णांनंतर चाचणी थांबली.

त्याच सुमाराचे दुसरे औषध एकाच वेळी दोन जनुकांवर रोखलेले होते. ४१ रुग्णांच्या पहिल्या टप्प्यात गर्भाशयाच्या कॅन्सरच्या एका रुग्णाच्या गाठी पूर्ण विरघळल्या. त्या गाठी पसरून यकृतात गेलेल्या होत्या, आणि गोम तिथेच आहे.

शिरेतून दिलेला उघडा एसआय-आरएनए काही मिनिटांत मूत्रपिंडातून वाहून जातो, उरलेला रक्तातली विकरे खातात. त्याला टिकाऊ करण्याचे काम रसायनशास्त्रज्ञांनी चोख केले. आज मिळणाऱ्या रेणूंत जवळजवळ प्रत्येक अक्षर बदललेले असते. चरबीच्या कणात गुंडाळला तर तो रक्तातल्या एका प्रथिनाचा हात धरून यकृतात जातो. आणखी सोपी युक्ती गॅलनॅक या शर्करेची. यकृतपेशींच्या अंगावर ही साखर ओळखणारे लाखो ग्रहणबिंदू असतात, आणि ते फक्त तिथेच इतके दाट असतात. रेणूला तीन साखरा जोडल्या, त्वचेखाली सुई दिली, की तो न चुकता यकृतात. वर दिलेल्या यादीतली जवळपास सगळी औषधे या एका पत्त्यावर चालतात. फुप्फुस, स्वादुपिंड, स्तन यांच्या गाठींसाठी इतका खात्रीचा पत्ता अजून कुणाला सापडलेला नाही.

गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यातून सूक्ष्म कण आपोआप आत झिरपतील, या भरवशावर दोन पिढ्यांनी संशोधन केले. जपानमध्ये हिरोशी माएदा यांनी १९८६मध्ये ही कल्पना मांडली. २०१६मध्ये टोरंटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांचे प्रयोग एकत्र करून हिशेब केला, तर टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणाऱ्या कणांचे मध्यम प्रमाण ०.७ टक्के निघाले. तेही मुख्यतः उंदरांत, जिथे गाठी भराभर वाढतात आणि रक्तवाहिन्या अधिकच कच्च्या असतात.

पेशीपर्यंत पोचूनही भागत नाही. पेशी बाहेरचा रेणू एका पिशवीत बंद करून आत घेते आणि त्या पिशवीतून सुटून मोकळ्या जागेत येणाऱ्या रेणूंचे प्रमाण शंभरात एक-दोन किंवा त्याहून कमी असते. यकृतात हा दोष गुण ठरतो: पिशवीत अडकलेला साठा महिनोन् महिने थेंबथेंब गळत राहतो, म्हणून तर इन्क्लिसिरानची सुई वर्षातून दोनदा पुरते. यकृतपेशी सहसा विभागत नाहीत, साठा तसाच राहतो. कॅन्सरपेशी मात्र विभागत राहतात आणि प्रत्येक विभाजनात हाती असलेले तुकडे निम्मे होतात.

आता गणित. कोलेस्टेरॉल किंवा विकृत प्रथिन ८० टक्क्यांनी उतरले की डॉक्टर आणि रुग्ण दोघेही खूश. गाठीला हा न्याय लागू नाही. जेमतेम एक सेंटिमीटरच्या गाठीत दहा कोटी पेशी असतात असे मानले आणि नव्वद टक्के पेशींत जनुक पूर्ण बंद केले, तरी एक कोटी शिल्लक. त्यांतल्या काहींना त्या जनुकाची गरजच नसेल. त्या उद्याच्या गाठीचे मूळ ठरतील. पारंपरिक किमो निदान प्रत्येक विभागणाऱ्या पेशीवर येते. प्रत्येक पेशीत पोचल्याखेरीज काम न करणारे औषध आणि एकही पेशी सुटली तर परत येणारा आजार, ही जोडी मुळातच विजोड आहे. वितरणाची तंत्रे सुधारतील तशी ती कमी विजोड होईल, पण यकृतातल्या यशाची नक्कल करून नाही.

पेशीला स्वतःचेही असे सूक्ष्म आरएनए असतात आणि एकेक मायक्रो-आरएनए शेकडो जनुकांना आवर घालतो. त्यांचा शोध व्हिक्टर अँब्रोस यांनी १९९३मध्ये लावला. गॅरी रुव्हकुन यांच्यासह त्यांना २०२४चे नोबेल मिळाले. २००२मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवले की सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये अशा दोन आरएनएंची जागाच गुणसूत्रावरून बऱ्याचदा नाहीशी झालेली असते. मग हरवलेला आरएनए परत देण्याचा विचार आला. मिर-३४ हा पेशीच्या वाढीला लगाम घालणारा, त्याची कृत्रिम प्रत चरबीच्या कणातून दिली गेली. काही गाठी लहान झाल्या, पण २०१६मध्ये प्रतिकारशक्तीच्या भडक्याने रुग्ण दगावले आणि चाचणी बंद करावी लागली. एक जनुक अडवताना लक्ष्य निदान ठाऊक असते. शेकडो जनुके हलवताना कोणते हलल्याने काय झाले हे शोधणे फार अवघड.

रुग्णाच्या शिरेत जमले नाही ते प्रयोगशाळेत जमले, आणि कॅन्सरशास्त्राला या तंत्राने दिलेली खरी देणगी माझ्या मते तिथली आहे. पूर्वी एखाद्या जनुकावाचून कॅन्सरपेशीचे अडते का हे पाहायला महिने लागत. आता हजारो जनुके एकेक करून गप्प करायची आणि कोणती पेशी कशावाचून मरते याची नोंद ठेवायची, अशी प्रचंड कामे झाली. बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटचा अकिलीस प्रकल्प त्यांतला नावाजलेला. २०१६मध्ये यातून एक सुंदर गोष्ट निघाली. साधारण दहा ते पंधरा टक्के कॅन्सरांत गुणसूत्र ९च्या एका कोपऱ्यातून संरक्षक जनुक गळून पडते आणि शेजारचे एमटॅप हे निरुपद्रवी जनुकही त्याच्याबरोबर जाते. एमटॅप गेले की पेशीत एक रसायन साचते आणि ते पीआरएमटी-५ या प्रथिनाला अर्धेमुर्धे लुळे करते. अशा पेशीत पीआरएमटी-५ आणखी थोडे गप्प केले की ती मरते, निरोगी पेशीला मात्र फारसे काही होत नाही. हे कळले जनुक गप्प करून. त्यावर आज माणसांत तपासली जात असलेली औषधे साध्या रसायनांची, गोळीच्या रूपातली आहेत. वाट जनुक गप्प करण्याच्या तंत्राने दाखवली आणि त्या वाटेने चालले दुसरेच कोणी.

याच प्रयोगशाळेत फसगतही झाली. मेल्क या प्रथिनावाचून स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी जगत नाहीत, असे आरएनए वापरून केलेल्या अनेक अभ्यासांत दिसले. औषध तयार झाले, रुग्णांना दिले जाऊ लागले. २०१७मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत जेसन शेल्टझर यांच्या हाताखालच्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी क्रिस्पर तंत्राने मेल्क जनुक मुळापासून कापले. पेशी मजेत वाढत राहिल्या. वर कडी म्हणजे मेल्क नसलेल्या पेशींनाही ते औषध तितकेच मारत होते. २०१९मध्ये याच गटाने अशी आणखी औषधे तपासली आणि अनेकांचे जाहीर केलेले लक्ष्य चुकीचे निघाले. २१ अक्षरांपैकी सात-आठ जरी जुळली तरी आर्गोनॉट भलत्याच संदेशाला धरते. त्यातून हे घोटाळे होतात. अशा चाचण्यांत भाग घेणाऱ्या रुग्णांना हे कुणी सांगितले असेल का, असे मला नेहमी वाटते.

केरॅसचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पस्तीस-चाळीस टक्के रुग्णांत या जनुकाचे एकच अक्षर बदललेले असते. त्या प्रकाराला जी-१२-डी म्हणतात. तेवढाच संदेश कापणारा एसआय-आरएनए इस्रायलमध्ये बनवला गेला आणि विरघळणाऱ्या बारीक सळीत भरून दुर्बिणीतून थेट गाठीत ठेवला गेला. पत्त्याचा प्रश्नच मिटवण्याची ही युक्ती मला आवडते. २०१५मध्ये १५ रुग्णांचे निष्कर्ष आले, सुरक्षित असल्याचे दिसले. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर केंद्रात रघू कल्लुरी यांच्या गटाने पेशींनीच सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांत एसआय-आरएनए भरून उंदरांतल्या गाठी रोखल्या, आणि पुढे ते माणसांपर्यंत नेले. दरम्यान २०१३मध्ये केव्हन शोकॅट यांना केरॅसच्या एका प्रकारात कुणाला न दिसलेली खाच सापडली आणि २०२१मध्ये सोटोरासिब या गोळीला परवानगी मिळाली. ज्या अशक्यतेवर एसआय-आरएनएची सारी मदार होती ती अशक्यता साध्या रसायनशास्त्राने मोडीत काढली.

आता त्या न बोलल्या जाणाऱ्या कारणाकडे येतो. भारतीय पुरुषांत तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आढळतो. तंबाखू, गुटखा, सुपारी हे त्याचे उगम कुणाला सांगायला नकोत. २०१३मध्ये कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचे अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र यांनी गाल-हिरड्यांच्या कॅन्सरचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला. वारंवार बिघडलेली जनुके निघाली टीपी-५३, फॅट-१, कॅस्पेस-८, नॉच-१. यांतली बहुतेक राखण करणारी. कॅन्सर होतो तो ती बंद पडल्यामुळे. एचरॅससारखे चेकाळलेले जनुक थोड्याच रुग्णांत सापडते. जे आधीच बंद आहे त्याला गप्प काय करणार? किंबहुना जनुके गप्प करण्यात कॅन्सर आपल्या फार आधीपासून पारंगत आहे. चांगल्या जनुकांवर मिथाइलची मोहोर लावून तो ती वाचनाबाहेर काढतो. २००४पासून वापरात असलेले अ‍ॅझासायटिडीन ही मोहोर पुसायलाच दिले जाते. जनुक गप्प करणारी उपचारपद्धती फक्त अति बोलणाऱ्या जनुकांवर चालते, आणि आपल्याकडच्या या सगळ्यात मोठ्या ओझ्यात ती जनुके कमी आहेत.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे उलट. तिथले लक्ष्य आदर्श म्हणावे असे. एचपीव्ही विषाणूची ई-६ आणि ई-७ ही जनुके पेशीच्या दोन राखणदारांना निकामी करतात आणि निरोगी पेशीत ती नसतातच. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठात २००२मध्येच एसआय-आरएनएने ती अडवली तेव्हा ई-७ गप्प झालेल्या कॅन्सरपेशींनी आत्मनाश केला. शस्त्र योग्य, लक्ष्य योग्य, जागाही हाताला लागणारी. तरीही मला या बाबतीत घाई करावीशी वाटत नाही. भारतात दरवर्षी या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण सापडतात, आणि त्यांच्यासाठी काय करता येते याचा जगात गाजलेला पुरावा आपल्याच मातीतला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आधाराने १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. २००९मध्ये तो प्रसिद्ध झाला. पुण्याच्या सीरमची एचपीव्हीवरची लस २०२२मध्ये मंजूर झाली. उलट एसआय-आरएनएच्या औषधांची किंमत पाहा: पॅटिसिरान बाजारात आले तेव्हा त्याची वर्षाची जाहीर किंमत साडेचार लाख डॉलर होती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

तरी हे दार बंद झाले असे मी म्हणणार नाही. २०२४मध्ये अमेरिकेत इमेटेलस्टॅट मंजूर झाले, मज्जेच्या एमडीएस या कॅन्सरवर. ते अक्षरांचेच औषध आहे, पण संदेश कापत नाही. गुणसूत्रांची टोके लांबवणाऱ्या टेलोमरेजच्या आरएनएवर ठाण मांडून त्याचे काम अडवते. त्वचेच्या कॅन्सरमध्ये गाठीत थेट सुई देऊन दोन जनुके अडवण्याचे प्रयोग झाले आहेत. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमाच्या आठ रुग्णांना सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर आरएनए बसवून शिरेतून दिला, तर शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीत सोने सापडले. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडला गेला, एवढे नक्की.

माझी नजर मात्र यकृताकडे आहे. फायब्रोलॅमेलर नावाचा यकृताचा एक दुर्मीळ कॅन्सर किशोर आणि तरुणांना होतो. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात असे आढळले की जवळजवळ प्रत्येक गाठीत एकच जोडजनुक असते, शरीरात दुसरीकडे कुठेही नसलेले. जोडाच्या जागी बेतलेला एसआय-आरएनए निरोगी पेशीला त्रास देणार नाही. कॅन्सर झालेल्या यकृतपेशी साखरेचे ग्रहणबिंदू किती राखतात यावर तिथे सगळे ठरेल. कित्येक यकृत-गाठी ते कमी करतात.

आणि त्याआधी हिपॅटायटिस बी. हा विषाणू यकृताच्या कॅन्सरची जगातली एक मोठी वाट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२मध्ये भारतात सुमारे तीन कोटी लोक त्याचे वाहक होते. बाळांना लस आता नेमाने मिळते, पण या मोठ्या माणसांना तिचा उपयोग नाही, आणि रोजची गोळी विषाणूला दाबून ठेवते पण काढत नाही. बेपिरोव्हिरसेन हे अँटिसेन्स औषध विषाणूचे संदेश यकृतातच कापते. २०२२च्या चाचणीत चोवीस आठवड्यांच्या उपचारानंतर, औषध थांबवून आणखी सहा महिने उलटले तरी, शंभरातल्या नऊ-दहा जणांच्या रक्तात विषाणूची खूण नव्हती. आकडा लहान आहे. पेशीच्या केंद्रकात दडलेल्या विषाणूच्या मूळ प्रतीला हे औषध हातही लावत नाही, ती तिथेच असते. पण पत्ता ओळखीचा आहे, संदेश सगळ्या पेशींत बंद झालाच पाहिजे अशी अट नाही, आणि गाठ अजून झालेली नाही.